मैदानावरचं बक्षीस वितरण आणि ग्रुप फोटो: कोणती लेन्स घेऊ?

शाळेची_घंटा | ८ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. २६ जानेवारीला झेंडावंदन आणि कवायत झाली की मैदानावरच बक्षीस वितरण असतं. शेवटी दहावीच्या मुलांचा शिक्षकांसोबत ग्रुप फोटो. यंदा हे फोटो मी काढणार आहे. काम मागून घेतलंय.

कारण सांगते. गेल्या वर्षी बाहेरून फोटोग्राफर बोलावला होता. फोटोंत मुलांचे चेहरे काळवंडलेले, मागे आकाश पांढरंफटक. नववीतल्या एका मुलीला धावण्याचं पहिलं बक्षीस होतं. तिची आई मजुरीवरून थेट शाळेत फोटो मागायला आली. फोटोत माइकचा दांडा बरोबर मुलीच्या तोंडावर. दुसरा फोटो नव्हताच. ती काही बोलली नाही, फोटो पदराने पुसून घेऊन गेली. ते मला वर्षभर खुपतंय.

माझ्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स आणि एक ५० मिमी एफ १.८. बक्षिसं ४५, वेळ साडेनऊ ते अकरा. ग्रुपमध्ये ६० जण. भाचा म्हणतो वाइड (रुंद दृश्य टिपणारी) घे, ओळखीचा दुकानदार म्हणतो ७०-३०० (दूरचं जवळ आणणारी) घ्या. बजेट २०-२२ हजार, जुनी लेन्स चालेल. काय घेऊ?

गारवेल | ८ जानेवारी, रात्री १०:३१

५० एफ १.८ आहे ना हाताशी? मग पैसे घालवू नका. तिच्याइतकी शार्प लेन्स या किमतीत नाही.

काळा_कातळ | ८ जानेवारी, रात्री ११:०५

गारवेल, असहमत. लेन्स चांगलीच आहे, पण या कामाला एकटी पुरणार नाही. गणित मांडतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे. किती लांब उभं राहावं लागेल ते काढायला जेवढी रुंदी फ्रेममध्ये हवी तिला फोकल लेंथने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) गुणा आणि २२.३ ने भागा.

६० जण, १५-१५ च्या चार रांगा. माणशी अर्धा मीटर धरला तर साडेसात मीटर, दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून साडेआठ. ५० मिमीने १९ मीटर मागे जावं लागेल. तिथून 'मागच्या रांगेतला तिसरा, जरा डावीकडे' हे ओरडून सांगायचं म्हणजे घसा बसायचा. १८ मिमीने ७ मीटरवर काम होतं, पण त्याची किंमत वेगळी, खाली लिहितो. ३५ मिमीने साधारण १३ मीटर. मैदान आहे, १३ मीटर मिळतीलच.

आता बक्षीस. पाहुणे, मुलगा आणि मुख्याध्यापक मिळून दोन मीटरची फ्रेम. ५५ मिमीने ५ मीटरवरून, १३५ मिमीने १२ मीटरवरून. स्टेजसमोर पहिली रांग कुठे बसते त्यावर सगळं ठरेल. माझं मत, जुनी १८-१३५ बघा. कॅननची एफ ३.५-५.६ वाली, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली. दोन्ही कामं एकाच लेन्समध्ये होतील, आणि मैदानावरच्या धुळीत लेन्स बदलायची वेळ येणार नाही.

१८ ची किंमत ही, की ७ मीटरवरून चार रांगांत दोन मीटरचा फरक पडतो आणि पुढच्या रांगेतली डोकी मागच्यांपेक्षा तीस टक्क्यांनी मोठी दिसतात. १३ मीटरवरून तोच फरक पंधरा टक्क्यांवर येतो. शिवाय वाइडच्या कडेला उभी असलेली माणसं आडवी ताणली जातात. कडेला नेहमी शिपाईमामा नाहीतर एखाद्या मॅडम उभ्या असतात, आणि आपण इतके जाड कधी झालो हे त्यांना कळत नाही.

गारवेल | ८ जानेवारी, रात्री ११:२०

ओके, १९ मीटरचा हिशेब मी केला नव्हता. ग्रुपपुरतं मागे घेतो. पण बक्षिसाला ५ मीटरवरून ५० का नको?

काळा_कातळ | ८ जानेवारी, रात्री ११:२८

वापरा की. फक्त एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, नको. ५ मीटरवरून पुढून-मागून मिळून जेमतेम ७० सेंटीमीटर स्पष्ट येतं. पाहुणे अर्धं पाऊल पुढे, मुलगा मागे, आणि फोकस बसला पाहुण्यांच्या शालीवर, की मुलगा गेला. तोंड लहान करून एफ ५.६ केलं की तीच जागा दोन मीटरच्या वर जाते.

सह्यवाट | ९ जानेवारी, सकाळी ७:५०

७०-२०० एफ २.८. एकदा वापरली की दुसरं काही हातात धरवत नाही. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते, ओळखपत्र आणि डिपॉझिट ठेवावं लागतं. मागचा फ्लेक्स इतका धूसर होऊन धुवून जातो की मुलगा आणि त्याची ढालच दिसते.

मुक्काम_पोस्ट | ९ जानेवारी, सकाळी ९:१५

सह्यवाट, फ्लेक्स धुवून गेला तर मुख्याध्यापक फोटो परत करतील. :) त्यावर शाळेचं नाव, वर्ष आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव असतं. आमच्याकडे तर 'नाव वाचता आलं पाहिजे' ही पहिली अट असते.

आणि दीड किलोची लेन्स दीड तास हातात धरून ४५ बक्षिसं? शेवटच्या दहाला हात थरथरतो. मी केलंय.

सह्यवाट | ९ जानेवारी, सकाळी ९:४०

फ्लेक्सचा एक फोटो सुरुवातीलाच रिकाम्या स्टेजचा काढून ठेवायचा. ४५ फोटोंत ४५ वेळा शाळेचं नाव कशाला? मुलाच्या घरात तो फोटो भिंतीवर लागणार आहे. तिथे मुलगा मोठा दिसला पाहिजे.

दुरडी | ९ जानेवारी, सकाळी १०:०२

हे वाक्य फ्लेक्सवर छापा. अनुमोदन.

मांडवीकाठ | ९ जानेवारी, दुपारी १:३०

गोव्यातून लिहितोय. आमच्या वाड्यावरच्या फुटबॉल स्पर्धेचे फोटो मी काढतो. फायनल संपते तेव्हा सूर्य गेलेला असतो आणि बक्षिसं त्यानंतर सुरू होतात. पहिल्या वर्षी ५५-२५० घेऊन गेलो. चार बक्षिसं बरी आली, पुढे आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० वर गेला तरी शटर १/६० सेकंदाच्या वर येईना. कप उंचावणारे सगळे हात पुसट. शेवटी ५० एफ १.८ लावली, एफ २.२ ठेवलं आणि जवळ जाऊन उरलेले काढले. म्हणून सांगतो, बाहेरचा कार्यक्रम म्हणजे भरपूर उजेड असं धरू नका. आधी घड्याळ बघा.

ताईंचा कार्यक्रम सकाळचा आहे, त्यांना १८-१३५ पुरेल. आणि ५० विकू नका.

स्टुडिओवाले_काका | ९ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

घंटाताई, लेन्सचं नंतर बघू. आधी एक सांगा, तुमच्या स्टेजचं तोंड कुठल्या दिशेला असतं?

शाळेची_घंटा | ९ जानेवारी, रात्री ८:४५

काका, पश्चिमेला. स्टेजमागे पूर्वेला मोकळी शेतं आहेत. पाहुण्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तसं बांधतात.

स्टुडिओवाले_काका | ९ जानेवारी, रात्री ९:३०

वाटलंच होतं. गेल्या वर्षीचे काळे चेहरे आणि पांढरं आकाश ही लेन्सची चूक नाही, आणि पूर्णपणे त्या फोटोग्राफरचीही नाही. सूर्य पाठीशी आणि मागे उघडं आकाश, त्यात कॅमेरा ऑटोवर. कॅमेरा आकाश बघून उजेड कमी करतो, माणसं काळी पडतात.

२६ जानेवारीला आपल्या भागात साडेनऊला सूर्य साधारण ३० अंश वर असतो, आग्नेयेला. अकरापर्यंत ४५ च्या आसपास येतो. स्टेजचं तोंड बदलायला सांगू नका. पाहुणे डोळे बारीक करून बक्षीस देतील, ते काळ्या चेहऱ्यापेक्षा वाईट दिसतं, मुलावर रागावल्यासारखं. 

त्याऐवजी तीन गोष्टी मंडपवाल्याला आजच सांगा. वरचं कापड पांढरं. लाल-पिवळ्या कापडाखाली सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात, आणि कडेला बाहेरचा पांढरा उजेड येतो, त्यामुळे नंतर संगणकावरही तो रंग धड निघत नाही. दुसरं, मागचा फ्लेक्स स्टेजच्या पूर्ण रुंदीचा आणि वरच्या कापडापर्यंत, मध्ये आकाशाची फट नको. तिसरं, तुमच्यासाठी एक बाक, स्टेजपासून आठ-दहा मीटरवर, एका बाजूला. स्टेज तीन-चार फूट उंच असतं. त्याच्या पायथ्याशी उभं राहून फोटो काढला तर हनुवट्या, नाकपुड्या आणि वरचं छत येतं. बाकावरून शंभरएक मिमीने काढलात की डोळे समोर येतात आणि मागे नुसता फ्लेक्स. इथे १८-१३५ कामी येते. माझंही मत त्या लेन्सलाच.

काळा_कातळ | ९ जानेवारी, रात्री ९:५२

काका, दंडवत. पांढऱ्या कापडाखालच्या सावलीत आयएसओ ४००, १/२५० आणि एफ ५.६ आरामात मिळेल. म्हणजे एफ २.८ साठी जास्तीचे पैसे देण्याची गरज या कार्यक्रमाला नाही. मॅन्युअलवर ठेवा, स्टेजवर कुणालातरी उभं करून चेहरा बघून उजेड ठरवा आणि मग हात लावू नका. शाल पांढरी आली काय, सूट काळा आला काय, चेहरा तसाच राहील. ढग आले तरच बदला.

पाटीपेन्सिल | १० जानेवारी, सकाळी ८:२०

मीही शिक्षिका आहे. लेन्समधलं मला कळत नाही, पण बक्षीस समारंभातलं कळतं. निवेदक नावं इतक्या भराभर घेतात की आधीचा मुलगा उतरायच्या आत पुढचा चढतो. त्यांना आधी सांगून ठेवा, फोटो झाल्यावर तुम्ही हात वर कराल, मगच पुढचं नाव.

आणि मुलं बक्षीस हातात पडलं की मान खाली घालून बक्षिसाकडे बघतात, पाहुणे दुसरीकडे बघतात. आदल्या दिवशी रंगीत तालीम घ्या. उजव्या हाताने हस्तांदोलन, डाव्या हाताने बक्षीस, मग समोर बघ, मनात एक-दोन-तीन मोज आणि उतर. आमच्या पाचवीच्या मुलांनाही एकदा सांगून जमलं.

मांडवीकाठ | १० जानेवारी, सकाळी ९:०५

पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद कुठल्याही लेन्सपेक्षा उपयोगाचा आहे. एक भर घालतो. काचेची फ्रेम किंवा लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र असेल तर त्यात आकाश चमकतं आणि नुसता पांढरा चौकोन दिसतो. वरची कड जरा पुढे झुकवायला सांगा, चमक खाली जमिनीकडे जाते.

सह्यवाट | १० जानेवारी, सकाळी ९:३०

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावा की.

मांडवीकाठ | १० जानेवारी, सकाळी ९:४१

काचेवर चालतो, धातूच्या ढालीवर नाही. शिवाय एक-दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण उजेड खातो आणि प्रत्येक मुलागणिक कोन बदलतो. ४५ वेळा फिरवत बसायला वेळ कुठला?

वऱ्हाडी_ऊन | १० जानेवारी, दुपारी १२:१५

फ्लॅशचं कुणीच बोललं नाही नं. भर उन्हातही मी फ्लॅश मारतो, डोळ्यांखालची काळी सावली जाते.

काळा_कातळ | १० जानेवारी, दुपारी १२:४०

वेगळा मोठा फ्लॅश असेल तर बरोबर. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश आयएसओ १०० आणि एफ ८ ला जेमतेम सव्वा मीटर पोहोचतो. १३ मीटरवरच्या ग्रुपला त्याचा काही उपयोग नाही. त्यात फ्लॅश उघडला की शटर १/२०० च्या वर जात नाही. वेगळा घ्यायचा झाला तर दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून उडतो का बघा. या वर्गातल्या काही कॅमेऱ्यांच्या हॉट-शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिन नसते आणि साधे फ्लॅश चालत नाहीत.

शाळेची_घंटा | १० जानेवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. मंडपवाल्याशी बोलले, पांढरं कापड देतो म्हणाला. १८-१३५ चा शोध सुरू केलाय. ग्रुप फोटोला मात्र सावली कुठून आणू? कार्यक्रम संपतो तेव्हा मैदान तापलेलं असतं.

स्टुडिओवाले_काका | १० जानेवारी, रात्री ९:४०

शाळेची इमारत मैदानाच्या कुठल्या बाजूला? दुमजली आहे का?

शाळेची_घंटा | १० जानेवारी, रात्री ९:५५

दुमजली, मैदानाच्या दक्षिणेला पसरलेली आणि एक पंख पूर्वेला.

स्टुडिओवाले_काका | १० जानेवारी, रात्री १०:३०

मग झालं काम. दुमजली इमारत साडेसात मीटर धरली तर साडेनऊला तिची सावली बारा मीटर पडते, अकराला सात. वायव्येकडे. म्हणून ग्रुप फोटो शेवटी नको, बक्षिसांच्या आधी घ्या. तेव्हा गणवेशही चुरगळलेले नसतात. पोरांना कोपऱ्यात, भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे, सगळी सावलीत. अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत अजिबात नको. तुम्ही उन्हात उभ्या राहाल आणि सूर्य इमारतीवरून थेट लेन्समध्ये येईल. हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं कडं) लावा, आणि एका मुलाला तुमच्या बाजूला छत्री घेऊन उभं करा, सावली फक्त लेन्सच्या काचेवर पडेल अशी. एवढं केलं नाही तर सगळा फोटो दुधाळ येतो.

आता थोडं अवांतर. माझ्या वडिलांचा तालुक्याला स्टुडिओ होता. कॅमेरा यशिका मॅट १२४ जी, पुढे ८० मिमी एफ ३.५ लेन्स, एका रोलमध्ये १२ फोटो. वरून काचेत वाकून बघायचं, आणि तिथे डावं-उजवं उलटं दिसायचं. ते शाळेच्या ग्रुपला रांगा लावण्यात वीस मिनिटं घालवत आणि क्लिक दोनच करत, फिल्म महाग. रांगा लावून झाल्या की कॅमेऱ्यापाशी उभे राहून खड्या आवाजात विचारायचे, 'माझी लेन्स दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही असं कोण आहे?' ज्याचा हात वर होई तो झाकला गेलेला. त्याला अर्धं पाऊल सरकवायचं. एका डोळ्याने दिसली तर अर्धा चेहरा पुढच्याच्या डोक्याआड असतो. मी आजही हेच विचारतो.

दुरडी | १० जानेवारी, रात्री १०:४८

काका, तुमच्या आठवणींचा वेगळा धागा काढा. वाट बघतोय.

गणिती_मुंगी | ११ जानेवारी, सकाळी ७:३५

मिटलेल्या डोळ्यांवर खरंच गणित झालंय. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांना २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार) त्यासाठीच मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने, तेवढे फोटो काढा. म्हणजे १५ जणांना पाच. पण पन्नासच्या पुढे सगळ्यांचे डोळे एकाच फोटोत उघडे मिळतील ही आशा जवळपास सोडावी लागते. तेव्हा ताई, ६० जणांना बारा-पंधरा फोटो काढा, कॅमेरा तिपाईवर. मग दोन फोटोंतून चेहरे जोडता येतात, कारण बाकी सगळं जिथल्या तिथे असतं.

मुक्काम_पोस्ट | ११ जानेवारी, सकाळी ८:१०

'डोळे मिटा, मी तीन म्हटलं की उघडा' हे सांगितलं तर मिटलेले डोळे बरेच कमी होतात. आणि हसू हवं असेल तर 'चीज' नको. हेडसरांना मोठ्याने म्हणायला सांगा, 'उद्या सुट्टी!'

गारवेल | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

मग सुट्टी खरंच द्यावी लागेल. मुलं विसरत नाहीत.

शाळेची_घंटा | २७ जानेवारी, रात्री ११:२०

उशिरा लिहितेय, काल फोटो निवडण्यातच रात्र गेली.

१८-१३५ जुनी मिळाली, बजेटमध्ये. ग्रुप फोटो सव्वानऊला घेतला, इमारतीच्या कोपऱ्यात. पुढची रांग सतरंजीवर, शिक्षक खुर्च्यांवर, तिसरी रांग उभी, चौथी बाकांवर. ३५ मिमी, एफ ८, तिपाई. काकांचा प्रश्न विचारला तर सात हात वर आले. हेडसर 'उद्या सुट्टी' म्हणाले नाहीत, 'आज तास नाहीत' म्हणाले. तेवढंही पुरलं. अठरापैकी अकराव्या फोटोत सगळे बघताहेत, एका मुलाचे डोळे तेवढे चौदाव्यातून घेतले.

बक्षिसांना बाकावर उभी होते. बहुतेक फोटो ८५ ते ११० मिमीच्या मधले आहेत, आकाश एकाही फोटोत नाही. पहिली चार बक्षिसं घाईत गेली, मग निवेदक सरांना आठवण करून द्यावी लागली. ते चार परत स्टेजवर बोलावून घेतले, पाहुण्यांनी आनंदाने दिले.

माइक मी आधीच स्टेजच्या कडेला नेऊन ठेवला होता. त्या मुलीला यंदाही धावण्याचं पहिलं बक्षीस होतं. ढाल छातीशी धरून सरळ लेन्सकडे बघतेय.

आता मोठी प्रिंट काढायची आहे. केवढी काढू? शिक्षक खोलीत ८×१० ची फ्रेम रिकामी आहे.

स्टुडिओवाले_काका | २८ जानेवारी, सकाळी ७:१५

शाबास ताई. ग्रुपसाठी ८×१० नको. तुमच्या फोटोचा आकार तीनास दोन आहे, ८×१० मध्ये बसवताना दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. १२×१८ काढा, ती बरोबर बसते. २४ मेगापिक्सेलला तेवढी सहज झेपते, आणि प्रत्येकाचा चेहरा आठ-नऊ मिलिमीटरचा येईल, चश्म्यासकट ओळखू येईल असा. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर शिक्षक खोलीतली ट्यूबलाइट दिसत राहते. मागे पेन्सिलीने रांगेप्रमाणे सगळ्यांची नावं लिहा. आत्ताच, तुम्हाला पाठ आहेत तोवर.

शाळेची_घंटा | ३१ जानेवारी, रात्री ९:०५

१२×१८ मॅट आली. मागे साठही नावं लिहिली. मुलीचा फोटो ८×१२ काढला आणि आज तिच्या घरी नेऊन दिला. आई शेतावरून आलेली नव्हती. मुलीने चुलीवरच्या फडताळातून गेल्या वर्षीचा फोटो काढला, तो तिथेच आरशामागे खोचलेला होता, आणि नवा त्याच्या पुढे लावला.